मास्तरांची हजेरी

आमच्या बँडमास्तरांइतका बायकांच्या बाजूनं भांडणारा पुरुष पुण्यापासून लोणावळ्यापर्यंत झाला नाही, आणि स्वतःच्या बायकोशी मात्र त्यांचं एक दिवसही पटलं नाही. देहूरोडच्या लष्करी बँडमधून पेन्शन घेऊन ते पिंपरीच्या आमच्या कारखान्यातला हौशी वाद्यवृंद शिकवायला आले. मी त्यात क्लॅरिनेट फुंकत असे. सिंफनी रचणाऱ्या परदेशी बायका त्यांनी कुठून कुठून हुडकून काढल्या होत्या. "हिनं रचायचं आणि जगानं हिच्या नवऱ्याला मुजरे करायचे," असं म्हणताना त्यांच्या मिशा थरथरत. वाजवण्याआधी लष्करी शिस्तीत ते रचनाकर्तीचं नाव पुकारत, आणि ती बिचारी केव्हाच वारलेली असल्यामुळे तिच्या वतीनं आम्ही सगळ्यांनी "हजर" म्हणायचं. एकदा ढोलवाला गालात हसला, तर त्याला महिनाभर नुसत्या झांजा धरायला लावल्या.

कारखान्याच्या वसाहतीतली बालवाडी सिंधूताई चालवत. चिंचवड गावठाणातल्या गावड्यांच्या त्या सून, माहेरी पेटी शिकलेल्या. मुलांसाठी त्यांनी बांधलेली एक चाल मास्तरांनी दारात उभं राहून ऐकली आणि त्यांच्या मागे लागून तिची वाद्यवृंदासाठी रचना करून घेतली. मास्तर स्वर उतरवून घेत आणि ताई सांगत, "इथं ढोल गप्प बसवा." कारखान्याच्या समारंभात ती वाजवायचं ठरलं तशा ताई घाबरल्या. सासरे कडक, सुनेचं नाव चारचौघांत निघालं तर बालवाडी बंद आणि पेटीही बंद. "वाजवा, पण नाव नको," त्या म्हणाल्या. "बिननावाचं आम्ही वाजवत नाही," मास्तर म्हणाले. शेवटी आडनाव गाळायचं, एवढ्यावर तडजोड झाली. सिंधू नावाच्या बायका काय कमी होत्या?

समारंभाला सासरे नेमके पहिल्या रांगेत. मास्तरांनी काठी उचलली. "रचना, सिंधूताई." आम्ही "हजर" म्हणायला तोंड उघडलं, तर त्यांनी डोळे वटारले. "ती जिवंत आहे. तिचं ती म्हणेल."

बायकांच्या बाजूच्या सगळ्या माना ताईंकडं वळल्या. मॅनेजरसाहेब चुळबुळू लागले. माझ्या तोंडाला कोरड पडली. तसल्या तोंडानं क्लॅरिनेट काय वाजणार? मास्तरांनी पुन्हा नाव पुकारलं. ताईंनी पदर मुठीत आवळून धरला होता, आणि मला मास्तरांचा खरोखर संताप आला. आपल्या हट्टापायी हा माणूस एका बाईचं घर मोडायला निघाला होता.

सासरे उठले. त्यांनी फेटा सारखा केला.

"मास्तर, नाव पुरं घ्या की. आमचं आडनाव न्हाई व्हय तिला?"

मास्तरांनी खाडकन सलाम ठोकला आणि पुरं नाव घेतलं. ताई उभ्या राहिल्या. "हजर" हा शब्द त्यांच्या ओठांवर दिसला, ऐकू आला नाही. मग आम्ही वाजवलं. माझे निम्मे सूर चुकले असतील, पण ढोल जिथं गप्प बसायचा तिथं बसला.

ताईंची दुसरी रचना अर्धी झाली होती, तोच मास्तर वारले. वाद्यवृंद हळूहळू मोडला. सासरे मात्र स्टेशनच्या रस्त्यावर भेटले की थांबवून विचारायचे, "आमच्या सुनंची दुसरी चाल कवा वाजिवताय?" आता काठी उचलायला कुणी उरलं नाही, हे त्या म्हाताऱ्याला सांगायला माझी जीभ रेटत नसे. "बसवतोय," मी म्हणायचो.