साचा थांबल्याची कारणं

विजू गेल्याचा फोन आला तेव्हा मी मोज्यांतून कुसळं काढत बसले होते. मंगळवारची सकाळ होती. रविवारी कुरणातून आल्यावर मोजे तसेच बादलीत टाकायचे नाहीत, आधी गवताचं एकेक कुसळ उपटून काढायचं, हा माझाच नियम. त्या आठवड्यात मात्र आळस करून मी ते काम दोन दिवस लांबवलं होतं. फोनवर मंदार होता, विजूचा मुलगा. "मावशी," तो म्हणाला, "आई गेली गं. चहा गाळायला उभी होती, तशीच खाली बसली आणि..." मी विचारलं, "मग चहा गाळला का?" असं का विचारलं ते माझं मलाच कळलेलं नाही. त्या पोराने बिचाऱ्याने उत्तरही दिलं. म्हणाला, "नाही मावशी, तसाच आहे."

या गोष्टीला आता दोन महिने होत आले. विजूची आणि माझी ओळख मात्र एकसष्ट वर्षांची. लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या खोल्या लागून होत्या. तिचे वडील मिलमध्ये साचेवाले. मागाला आमच्याकडे साचा म्हणत. माझे वडील त्याच खात्यात जॉबर, म्हणजे साचेवाल्यांवर नजर ठेवणारे. साचा थांबला की जॉबरने जाऊन कारण विचारायचं आणि साचेवाल्याने ते सांगायचं; थांबायचं तर कारण हवंच. घरी दोघे एका पाटावर बसून पत्ते कुटायचे, पण खात्यात शिरले की हा रिवाज चुकायचा नाही. आम्ही पोरींनी त्याचाच खेळ केला होता. गॅलरीच्या कठड्याला सुतळी बांधून विजू तोंडाने खटॅक-खटॅक आवाज करत साचा चालवायची, मधेच हात वर करून ओरडायची, "साचो थांबलो!" मी कमरेवर हात ठेवून बाबांच्या आवाजात विचारायचे, "कारण?" धागा तुटला, कांडी संपली, इथपर्यंत ठीक. पण ती सांगायची, "भूक लागली." किंवा, "समोरच्या काकूंची मांजर व्याली." तिच्याकडे कारणांची कधीच वानवा नव्हती. मी ती सगळी मान्य करायचे, हे आता फार आठवतं.

पुढे ती लग्न होऊन परळला गेली, मी दादरला. ती पोस्टाच्या काउंटरवर चिकटली आणि मी शाळेत मराठी शिकवू लागले. छत्तीस वर्षं मी लाल पेनाने लोकांच्या पोरांच्या चुका काढल्या आणि घरी येऊन नवऱ्याच्याही काढल्या. निवृत्त झाल्यावर गुडघ्यांनी माझ्याविरुद्ध बंड केलं. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, पण मऊ जमिनीवर. आता दादरमध्ये मऊ जमीन कुठून आणायची? फुटपाथवर भाजीवाल्यांच्या टोपल्या ओलांडत चालणं हा वेगळाच व्यायाम आहे. तेव्हा विजूनेच ते रान शोधून काढलं. शीवच्या पुढे खाडीच्या अंगाला कित्येक वर्षं पडून राहिलेली जमीन कुंपण घालून राखली आहे. तिथे बांधकाम नाही, कारंजी नाहीत, कमरेएवढं गवत आणि त्यातून गोल फिरून येणारी मातीची वाट, एवढंच. चालणारे डावीकडून, पळणारे मधून आणि सायकलवाले उजवीकडून, असा पाटीवरचा नियम. तो मी सोडून कोणीच पाळत नाही. पहिल्या दिवशी ते गवत वाऱ्याने एका बाजूला कललेलं बघून विजू म्हणाली, "नलू, हे आमच्या मालवणच्या सड्यासारखा दिसता गो." सडा म्हणजे कोकणातलं उघडं गवताळ पठार; तेव्हापासून आमच्या बोलण्यात ते कुरणच झालं. दर रविवारी सकाळी सात वाजता ती परळहून बसने यायची, मी दादरला त्याच बसमध्ये चढायचे. तिने माझ्यासाठी खिडकीजवळची जागा धरलेली असायची आणि त्यावरून कोणाशी तरी भांडणही झालेलं असायचं.

पहिल्याच फेरीत अर्ध्या वाटेवर माझा गुडघा बोलायला लागला. पण तीन आठवड्यांनी लहान असलेल्या बाईसमोर आपण आधी थांबायचं म्हणजे काय? मी दात-ओठ खाऊन चालत राहिले. तेवढ्यात विजूने हात वर केला आणि भर रानात ओरडली, "साचो थांबलो!" पन्नास-पंचावन्न वर्षांनी तो शब्द ऐकला आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "कारण?" तिने बोट दाखवलं. गवताच्या काडीवर इवलीशी मुनिया झुलत होती. आम्ही दोन-तीन मिनिटं तिच्याकडे बघत राहिलो, माझ्या गुडघ्याला आराम मिळाला आणि माझी अब्रूही राहिली. तेव्हाच मी मनाशी ठरवून टाकलं की ही माझ्यासाठी थांबते. पुढच्या रविवारी मी खिशात मावेल एवढी वही घेऊन गेले. विजूने थांबायचं, मी कारण विचारायचं आणि वहीत जागेसकट लिहायचं, असं सुरू झालं. वेडा राघू. कुसळी गवताला तुरे. मुंगसाची जोडी. चंडोल. जॉबरच्या मुलीला आणखी काय हवं?

त्या पहिल्या हिवाळ्यातली सायकलची गोष्ट सांगायलाच हवी. दाराशी भाड्याच्या सायकली असतात. लहानपणी लालबागला तासाच्या बोलीवर आणलेल्या सायकलवरून विजूने माझ्यासकट दोघींचे गुडघे फोडून घेतले होते, त्यानंतर तिने सायकलला हात लावलेला नव्हता. एका रविवारी दारावरच्या कांबळेताईंना तिने गोड बोलून वश केलं, ओढणी कमरेला खोचली आणि टांग मारली. मी मागून ओरडतेय, "विजू, ब्रेक! अगं ब्रेक दाब!" आणि ही बया पुढे घंटी वाजवत चालली आहे. पळणारी तरणी मुलं बाजूला होऊन टाळ्या वाजवायला लागली. पहिल्या वळणावर वाट वळली, विजू वळली नाही. सायकलसह सरळ गवतात. मी लंगडत पोचले तर ही आकाशाकडे बघत उताणी पडून हसत होती. "साचो थांबलो." मी चिडून म्हटलं, "कारण?" तर म्हणते, "गवत मऊ होतं." परतताना बसस्टॉपवर बसून मी तिच्या ओढणीतली कुसळं काढली, दोन बसेस सोडल्या तरी ती संपेनात. असं हसणं नंतर आमच्या वाट्याला फारसं आलं नाही. पुढच्या वर्षी मीच तिला म्हटलं, काढायची का सायकल? ती म्हणाली, "नको गो, सीट टोचता." मी ते कारणही मान्य केलं.

वह्या भरत गेल्या. दुसरी झाली, तिसरी लागली. सुरुवातीला एका फेरीत तीनदा साचा थांबायचा, मग पाचदा, मग आठदा. मला वाटायचं, आपली नजर तयार होते आहे, पूर्वी न दिसणारं आता दिसतं आहे. मी तर भिशीच्या बायकांना ऐटीत सांगायचे की आम्हाला एका फेरीत चौदा-चौदा गोष्टी सापडतात. कधीकधी विजू बोट दाखवायची तिथे मला काहीच दिसायचं नाही. "खंय?" मी तिच्याच भाषेत विचारायचे. "थंय बघ, त्या काडीमागे." मी चष्मा पुसून पुन्हा बघेपर्यंत ती म्हणायची, "उडालो." मी लिहून घ्यायचे. तिची नजर पहिल्यापासूनच तीक्ष्ण, मोत्यासारखं अक्षर माझं, अशी आमची वाटणी होती.

गेल्या हिवाळ्यात मी गुडघ्यांसाठी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे जाऊ लागले आणि खरंच फरक पडला. जिने चढू लागले. तो शेवटचा रविवार... मी बसमध्येच जाहीर केलं, "विजू, माझा गुडघा आता ठणठणीत आहे. माझ्यासाठी तू तीन वर्षं थांबलीस, आज थांबायचं नाही. एक अख्खी फेरी, साचा बंद न करता." तिने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते मी आता रोज शोधते. ती म्हणाली, "आजच?" मी म्हटलं, "आजच. मुहूर्त काढायचाय का?" ती हसली आणि म्हणाली, "चल."

मी पुढे होते. मला त्या दिवशी स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. मधे एकदा वळून बघितलं तर ती बरीच मागे होती, ओढणीने मान पुसत होती. मी शाळेत मुलींच्या रांगेला टाळी वाजवायचे तशी टाळी वाजवली. "चला चला, पाय उचला!" तिने पाय उचलले. ती एकदाही थांबली नाही. दाराजवळच्या बाकावर येऊन बसली तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा दिसत होता. कांबळेताईंनी पाणी आणून दिलं. मी विचारलं, "काय गं, दमलीस?" तिने आधी पाणी संपवलं, मग म्हणाली, "जमला गो नलू." आणि मी वहीत लाल पेनाने लिहिलं: आज साचा एकदाही थांबला नाही. शाबास! पुढे बरोबरची खूणही केली. दोन दिवसांनी ती गेली.

दिवस झाल्यानंतर मंदार माझ्याकडे आला. विजूचे औषधांचे कागद आवरताना माझ्याशी बोलायला हवं असं त्याला वाटलं. तिच्या हृदयाचं दुखणं वर्षभर आधीच कळलं होतं. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली होती, ती पुढे ढकलत होती. "तू मला का नाही सांगितलंस?" मी त्याच्यावर ओरडलेच. तो म्हणाला, "आईने शपथ घातली होती. म्हणाली, नलूला कळलं की ती कुरण बंद करील. मला घरात बसवून ठेवील आणि वर रोज फोन करून उलटतपासणी घेईल." यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. मी तेच केलं असतं. मग मी त्याला शेवटच्या रविवारचं सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, त्या फेरीचं आईने घरी सांगितलं होतं. मी विचारलंय डॉक्टरांना. ते म्हणाले, त्या चालण्यामुळेच झालं असं काही सांगता येत नाही." तो मुलगा मला वाचवायला आला होता. पण 'सांगता येत नाही' याचे दोन अर्थ असतात आणि मला रोज दुसराच अर्थ ऐकू येतो.

तो गेल्यावर मी तिन्ही वह्या काढल्या. सगळं माझ्याच अक्षरात होतं. तीन, पाच, आठ, अकरा, चौदा. ती माझ्या गुडघ्यासाठी पहिल्या दिवशी थांबली असेल, कदाचित पहिलं वर्षभरही; त्यानंतर ती तिच्यासाठी थांबत होती. दर रविवारी थोडी आणखी. मी विचारत होते, कारण? ती सांगत होती, कोतवाल. पावश्या. लाजाळूचं फूल. लोकांच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्यात माझा जन्म गेला आणि माझ्या डोळ्यातलं मुसळ मी तीन वर्षं स्वतःच्या हाताने, शुद्धलेखन सांभाळून, लिहून ठेवत होते. ज्या जॉबरला थांबलेला साचा आणि थकलेला साचेवाला यातला फरक कळत नाही, त्याला माझे बाबा जॉबर मानत नसत.

गेल्या रविवारी मी एकटी गेले. दादरला बस आली, खिडकीची जागा भरलेली होती, मी उभीच राहिले. दारावर कांबळेताईंनी विचारलं, "बाई, आज एकट्याच? दुसऱ्या बाई बऱ्या हायेत ना? त्या दिवशी लई दमल्या होत्या." म्हणजे त्यांनाही दिसलं होतं. मी सांगितलं. त्यांनी माझा हात धरून ठेवला.

मी शेवटून दुसऱ्या रविवारचं पान उघडलं, ज्या दिवशी चौदा कारणं लिहिली होती, आणि त्या पानाच्या क्रमाने चालले. ती थांबली तिथे थांबले, ती उभी राहायची तेवढा वेळ उभी राहिले. पळणारे, सायकलवाले बाजूने जात होते, त्यांना मी एकदाही डावं-उजवं सांगितलं नाही. थांबे फार जवळजवळ होते. चालताना कळलं नव्हतं, एकटीने मोजून चालले तेव्हा कळलं की शेवटी ती पन्नास पावलंसुद्धा सलग चालत नव्हती. अकराव्या थांब्यापाशी मी बराच वेळ उभी होते. वहीत लिहिलं होतं: खंड्या. आता खंड्याला पाणी लागतं, मासा धरायला टपून बसायला एखादी फांदी लागते. तिथे दूरवर नुसतं वाळलेलं गवत होतं. पाणी नाही, झाड नाही, साधा खांबही नाही. त्या जागी खंड्या कधीच असणं शक्य नव्हतं. तिला श्वास पुरत नव्हता आणि तिने सुचेल त्या पक्ष्याचं नाव सांगितलं होतं.

मी हात वर केला. आवाज मोठ्याने निघाला नाही, पण म्हटलं, "साचो थांबलो." विचारणारी मीच, सांगणारीही मीच उरले होते. मग वहीचं नवं पान काढलं, तारीख घातली, आणि त्या कोरड्या गवताकडे बघत लिहिलं... खंड्या.