बाकांवरचं मरण

माझ्या नातीच्या कॉलेजात पोरं गाजलेल्या जुन्या सिनेमांतले प्रसंग पुन्हा करून मोबाइलवर उतरवतात. तोच म्हणे अभ्यास. बाप मरतो त्या प्रसंगाला म्हातारा हवा होता, म्हणून तिनं मला नेलं. वर्गातली बाकं जोडून त्यावर निजवलं आणि गळ्यापर्यंत पांढरी चादर ओढली.

"आबा, श्वास दिसतोय तुमचा. जरा कमी घ्या ना," नात म्हणाली. सगळी खिदळली.

मग ती माझ्या छातीवर पडून रडू लागली. डोळ्यांखाली बाम चोळलेला, त्याचा वास माझ्या नाकात. कुणी "कट" ओरडलं की रडणं नळासारखं बंद. "भारी झालं गं!" पुन्हा बाम, पुन्हा रडणं. किळस आली मला. हाच सिनेमा आम्ही जत्रेच्या तंबूत पाहिला, तेव्हा या जागी बाया तोंडात पदर कोंबून रडत होत्या. तो तर परक्याचा खोटा बाप. इथं खरा आजा निजलेला, आणि पोरीचं ध्यान मोबाइलकडं.

शेवटचा कट झाला तरी मी उठलो नाही. म्हटलं, बघू कोण उठवतं. सगळी मोबाइलभोवती गोळा होऊन आपलंच रडणं बघत हसत होती. बऱ्याच वेळानं नातीचा आवाज आला, "आबा, उठलात की चादरीची घडी करा हं, मॅडमची आहे."

मी चादर डोक्यावरून ओढून घेतली आणि चांगला मोठ्यानं श्वास घेत पडून राहिलो.