नाव न घेता केलेली प्रार्थना

गुपित राखायचं म्हणजे नाव घ्यायचं नाही, एवढंच, अशी माझी पक्की समजूत होती. त्या समजुतीपायी मी एका मुलीचं गुपित चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनेत, भर मिस्सात, माईकवरून, अख्ख्या गावाला वाटलं. तेव्हा मी साठीकडे झुकलेली, शाळेतून नुकती निवृत्त झालेली. म्हणजे वेळ भरपूर आणि अक्कल बेताची. आता मी नातवंडांना खोड्या शिकवते, पण तेव्हाची ती बाई आठवली की तिला अंगठे धरून उभी करावीशी वाटते.

आमच्या गावात, वसईच्या वाड्यांच्या पट्ट्यात, चर्चमागच्या हॉलात शनिवारी दुपारी तरुण मुलांचा कार्यक्रम चालायचा. मुलांनी मनातलं बोलावं, कुणी हसणार नाही याची त्यांना खात्री वाटावी, हा हेतू. हेतू चांगलाच होता, फक्त तो माझ्या हाती दिला होता. मी त्याचं प्रशिक्षण घेऊन आले आणि आल्या आल्या भिंतीवर थर्माकोलची अक्षरं चिकटवली: ‘इथे तू सुरक्षित आहेस’. खुर्च्या गोल मांडल्या, मधे मेणबत्ती लावली. मुलं एकमेकांच्या चपलांकडे बघत बसायची. मी मान तिरकी करून, आवाजात साखर घोळून विचारलं, “आज मनात काय आहे?”

“भूक,” एक मुलगा म्हणाला.

त्याला मी दाराबाहेर उभं केलं. सुरक्षित जागेतून हाकललेला तो पहिला.

बारावीतली एक मुलगी मात्र खुर्च्या आवरायला मागे थांबली. तिचे बाबा कुवेतला, घरी ती आणि आई. खुर्च्या रचता रचता म्हणाली, “टीचर, पेपर हातात आला की मला श्वासच घेता येत नाही. मागच्या टेस्टला कोरा देऊन आले. मम्मीला नका सांगू. ती बाबांना फोन करेल, नि ते सगळं सोडून येतील.”

“माझ्या पोटात राहील,” मी म्हटलं.

रविवारपर्यंत राहिलं.

त्या दिवशी मिस्सात लोकांच्या वतीने विनंत्या वाचायची पाळी माझी. पोपसाहेबांसाठी झाली, आजाऱ्यांसाठी झाली, मग मी पदरची एक घातली: “आपल्या गावातील बारावीच्या एका मुलीसाठी, जिचे वडील आखातात कष्ट करीत आहेत व जिला परीक्षेच्या भयाने श्वास घेता येत नाही, प्रार्थना करू या.” नाव नाही! काय ती माझी सावधगिरी! बारावीतल्या बाकी मुलींचे बाप समोर बाकांवर बसलेले. लोक “प्रभो, आमची प्रार्थना ऐक” म्हणेस्तोवर सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या होत्या. आणि मी वरून बघून मनात म्हणतेय, काय ही भक्ती!

मिस्सा सुटल्यावर तिच्या आईभोवती बायकांचं कोंडाळं. एक ब्राह्मीचं तेल सांगतेय, दुसरी उमेळ्याच्या कुणा वैदूचा पत्ता देतेय, तिसरी विचारतेय, “पोर मोबाईल फार बघते का गं?” दुपारी कुवेतहून फोन. गावातल्याच कुणाच्या पुतण्याने तिच्या बाबांपर्यंत बातमी पोचवली होती.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी घरी गेले, तर आईने दारातच अडवलं.

“मी नाव घेतलं नव्हतं हो,” मी म्हटलं.

“नाव तेवढंच राहिलं होतं, टीचर. आता काय, नऊ दिवसांची नोव्हेना लावताय तिच्यावर?” मग आवाज खाली आणून म्हणाली, “ती माझ्याशीपण बोलत नाय आता. काही विचारलं की म्हणते, मी ठीक आहे.”

इतकी वर्षं वर्गात काढलेल्या बाईला ‘ठीक आहे’चा अर्थ कळायला हवा होता. तो त्या दारात कळला, तोही आईचा चेहरा बघून. माझ्यामुळे ती पोर आता कुणालाच काही सांगणार नव्हती.

शनिवारी मुलांपुढे उभी राहिले आणि म्हटलं, चूक माझी. भुकेवाला लगेच म्हणाला, “टीचर, आता सर्दी झाली तरी तुम्हाला नाय सांगणार.” सगळे खदखदून हसले. त्या हॉलात पहिल्यांदाच कुणी खरं बोललं होतं, म्हणून त्याला बाहेर काढलं नाही. थर्माकोल उतरवला, मेणबत्ती घरी नेली, खुर्च्यांच्या जागी कॅरम आला. नियम मुलांनीच केला: ज्याचं आहे त्याला विचारल्याशिवाय पुढे सांगायचं नाही, जिवावरचं असेल तर सांगायचं, पण आधी त्याच्या तोंडावर बजावून.

नियम मैत्रिणींनी तिच्या कानावर घातला. तरी ती यायची नाही.

आली ती नाताळच्या गोठ्याच्या, येशूजन्माच्या देखाव्याच्या कामाला. डोंगरासाठी कागद चुरगाळत कोपऱ्यात बसली. मीही शेजारी बसून कागद चुरगाळू लागले आणि काही विचारलं नाही. शेतात भर उन्हात राबणं परवडलं, इतकं ते गप्प राहणं मला जड गेलं. बराच वेळ गेल्यावर, मान वर न करता ती म्हणाली, “टीचर, परवा प्रिलिमला पुन्हा तसंच झालं. सांगते, पण देवाला कळवायची घाई करू नका, ते माझं मी बघते. आणि रविवारी वाचायची पाळी असेल ना, तर घसा बसलाय म्हणून सांगा.”