कावीळ नव्हती

"तुमच्या लोकांक कसलें गो डिप्रेशन?"

भाटकार घरासमोरच्या बलकांवात, दगडी बाकावर बसून माझा रजेचा अर्ज वाचत होते. मी खाली अंगणात उभी. चपला काढून. काढा असं कोणी म्हटलं नव्हतं. भाटकार म्हणजे जमीनमालक; आमचं घर त्यांच्या जमिनीत. आम्ही त्यांचे मुंडकार. त्या अंगणात आमचे पाय आपोआप अनवाणी होतात. मी बी.एस्सी., बी.एड. आहे. गोव्यातल्या लाटंबार्से भागात एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. त्या शाळेचे मॅनेजरही हेच.

"तें आमच्या पुण्याच्या सुनेक जाता," ते हसले. "तुझी आवय तीस वर्सां आमच्या काजूच्या बागेंत राबली. तिका जालें कधी?"

मग खिशातलं पेन काढून पुढे केलं. "कावीळ घाल. आत्ताच सही करतां."

आमच्या शाळेत कावीळ बऱ्याच जणांना झालेली आहे. एका बाईंना नवरा गेल्यावर झाली. इतिहासाच्या सरांना तर दोनदा झाली, डोळे पांढरेशुभ्र असताना. मन बिघडलं असं लिहिलं तर पुन्हा वर्गावर उभं करणार नाहीत, ही भीती. म्हणून सगळे कावीळ लिहितात. परत आल्यावर खरं वाटावं म्हणून आठ दिवस बिनतेलाचा डबा खातात. मीही तेच लिहिणार होते. पण डिचोलीच्या इस्पितळातल्या डॉक्टरबाई खोटा दाखला देईनात.

सहा महिने नीट झोप नव्हती. फळ्याकडे वळले की पुढचं वाक्य विसरायचे. शाळेच्या फाटकाशी भाटकारांची गाडी दिसली की छाती धडधडायची, हात गार पडायचे. रविवारी केस विंचरायचीसुद्धा ताकद नसायची.

आणि हे सगळं मी मुलांना शिकवते. धोका दिसला की मेंदू निरोप पाठवतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी ॲड्रेनालिन सोडतात, कॉर्टिसोल सोडतात. काळीज धावतं, पोटाचं काम थांबतं. धोका टळला की शरीर शांत होतं. इथवर पुस्तकात आहे. पुढचं डॉक्टरबाईंनी सांगितलं. धोका टळतच नसेल, रोज समोर येऊन खुर्चीवर बसत असेल, तर शरीर शांत व्हायचं विसरतं. कॉर्टिसोल उतरायच्या वेळी उतरत नाही. झोप, भूक, आठवण हळूहळू खचत जाते. सगळ्यांचं तसं होतंच असं नाही, कारणं अनेक असतात. पण कुणाची भीती कायमची होऊन बसते, कुणाचं मन विझतं.

"तुम्हाला दोन्ही आहे," त्या म्हणाल्या. "बरं होतं. पण औषध आणि विश्रांती लागेल."

भाटकारांचे उपकार खोटे नाहीत. कॉलेजची पुस्तकं त्यांनी दिली. नोकरीही त्यांच्या शब्दावर. म्हणून आठ वर्षं शाळा सुटली की त्यांच्या नातीची शिकवणी. गणेश चवथीला त्यांच्या घरी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, लाटणं. नाही म्हणायचं कधी सुचलंच नाही.

त्या दिवशीही मी पेन हातात घेतलं. पण त्यांचा प्रश्न डोक्यात अडकला. आईला झालं होतं का कधी?

भाटकारांकडून कामाचं बोलावणं आलं की आई सकाळी मागीलदारी जाऊन ओकायची. आम्ही पित्त म्हणायचो. एखाद्या वर्षी महिना महिना भिंतीकडे तोंड करून निजायची. वाडीतले लोक तिला आळशी म्हणत. भाटकारही म्हणत. मीसुद्धा एकदा म्हटलं होतं.

"जाल्लें, बाब," मी म्हटलं. "तिकाय जाल्लें."

ते हसायचे थांबले. "मगे तुका शाळेंत कोण दवरता तें पळोवया."

ती नोकरीवरची धमकी होती. मी पेन परत दिलं. धीर वगैरे काही वाटला नाही. खोटं लिहायची ताकद उरली नव्हती, एवढंच.

घरी आई घाबरली. "कावीळ घालची न्ही गो! भाटकारबाबाचो उपकार आसा." मग भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांची जीप वाजली की पोटांत गोळो येतालो. कोणें विचारूंकच ना."

दुसऱ्या दिवशी अर्ज शाळेच्या ऑफिसात दिला. कारण तेच ठेवलं, डॉक्टरबाईंनी लिहिलेलं. चिंता आणि नैराश्य. माझ्या प्रतीवर शिक्का मागून घेतला. भाटकारांचा निरोप आलाय, येऊन भेट म्हणून. मी जाणार नाही. गोळ्या चालू आहेत. झोप अजून धड नाही. नोकरी राहील की जाईल, ठाऊक नाही. रजा नाकारायची असेल तर त्यांनी कारण देऊन, सही करून, लेखी नाकारावी. तोंडी उत्तर मी आता घेणार नाही.