सरपंच डोमाजीचा अहवाल

डोमाजीने सरकारकडे किती अर्ज केले याला गणतीच नव्हती. छप्पन साली बौद्ध झाला तेव्हापासून त्याची मागणी एकच : गावची सभा पाटलाच्या ओसरीवर नको, शाळेपुढच्या मैदानात घ्या. ओसरीवर पाटलाची माणसं ऐसपैस बसत. बौद्धवाडा आणि बंजाऱ्यांचा तांडा खाली अंगणात उभा. उभ्या माणसाचं म्हणणं वहीत कोणी लिहून घेत नसे.

बासष्टात लोकांनी डोमाजीलाच सरपंच केलं. त्याला वाटलं, आता एका सहीचं काम. कसलं काय! ग्रामसेवक म्हणाला, जागा बदलायला ठराव हवा. ठराव सभेत होणार आणि सभा ठरल्या जागी, म्हणजे ओसरीवरच. तीन सभा झाल्या. तिन्ही वेळा पाटलाच्या सांगण्यावरून ठराव 'पुढील सभेत' ढकलला गेला. डोमाजी नुसता धुसफुसत राहिला, आणि धुसफुसता धुसफुसता खुर्चीवर बसायची त्याला सवयही झाली.

चौथ्या सभेच्या सकाळी तहसिलीतून टपाल आलं. आत त्याचाच साठ सालचा अर्ज! वर शेरा : 'सरपंचांनी चौकशी करून अहवाल द्यावा.'

"आता मीच मले विचारू काय बापा?" डोमाजी कडाडला.

"तापता कायले?" ग्रामसेवक म्हणाला. "चौकशी चालू आहे, असं लिहून टाका."

डोमाजीने मुकाट्याने तसं लिहिलं.

दुपारी सभा भरली. त्याची बायको रुखमाबाई अंगणात तांड्यातल्या हंसाबाईजवळ उभी होती.

"सरपंच," ती म्हणाली. नवऱ्याला तिने अशी हाक कधीच मारली नव्हती. "आमी अजून किती दिवस उभंच राहावं?"

"ठराव पुढच्या सभेत घेऊ," डोमाजी बोलून गेला.

"पाटील बी हेच म्हणे जी."

डोमाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संताप तर असा आला, पण काढायचा कोणावर? त्याने अर्ज पुढे ओढला, सकाळची ओळ खोडली आणि खाली लिहिलं : 'अर्जदाराची तक्रार खरी आहे. लोक अजून उभेच आहेत. दोष सरपंचाचा.' ठसठशीत सही केली. मग सभेची वही काखेत मारून पायऱ्या उतरला.

"अहो, सभा ओसरीवर आहे!" ग्रामसेवक मागून ओरडला.

डोमाजीने अंगणातल्या मातीत मांडी घातली आणि वही उघडली.

"बसा सारे," तो म्हणाला. "रुखमाबाई, पहिले तुमी सांगा. मी लिहून घेतो."