हिंगाच्या डबीतली गोळी

टँकर आठवड्यातून एकदा यायचा आणि मला तहान लागायची दिवसभर. चिकलठाण्याकडच्या नव्या वस्तीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. आजूबाजूला इमारतींवर इमारती उठत होत्या, नळाला मात्र थेंब नाही. हंडे चढवून चढवून बाकीच्या बायका वाळल्या आणि मी फुगत चालले. तांब्याभर पाणी प्यायचं की घटकेत मोरीकडं पळायचं, तिथं पुन्हा पाणी ओतायचं. सासूबाई ड्रममध्ये डोकावून सुस्कारा टाकायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

बाळंतपणानंतर माझं डोकं बिघडलं होतं. डोक्याच्या डॉक्टरनं दिलेल्या गोळीनं झोप आली, कानातले आवाज थांबले, त्याबद्दल तक्रार नाही. पण गोळी सुरू झाल्यापासून भूक अशी लागायची की शिळी भाकरी उभ्या उभ्या खायची. सगळे ब्लाउज उसवून झाले. शेजारणी म्हणायच्या, तब्येत लई सुधारली की, माहेरचं तूप मानवलं वाटतं. काय बोलणार त्यांना!

गोळ्या हिंगाच्या रिकाम्या डबीत असायच्या, कारण नणंदेसाठी बिडकीनचं स्थळ चालू होतं. वहिनी डोक्याची गोळी खाते म्हटल्यावर कोण सोयरीक करणार? म्हणून गल्लीतल्या डॉक्टरलाही सांगायचं नाही. पुढं रक्तात साखर निघाली, ती त्याच्याकडंच तपासायचो. तो बिचारा दर खेपेला झापायचा, गोड सोडा, चालायला जा, तोंडावर ताबा ठेवा. अहो, चहात साखर घालून जमाना झाला होता! तरी साखर वाढायची आणि तो औषध वाढवायचा. मला जिवाचा कंटाळा आला होता.

एका खेपेला त्यानं विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का? सासूबाई लगेच नाय म्हणाल्या. बाहेर बाकावर अर्धी गल्ली बसलेली, मध्ये नुसता पडदा.

"आहे," मी म्हटलं. "डोक्याची गोळी. दोन वर्षं झाली."

डॉक्टरनं पेन खाली ठेवला. चिडला नाही. म्हणाला, त्या गोळीनं वजन आणि साखर वाढू शकते, पण मनानं बंद करू नका; मी त्या डॉक्टरांशी बोलतो, काही बदल करता येतो का बघू. इतके दिवस माझं काही चुकत नव्हतं, हे ऐकून मला रडूच आलं.

घरी येताना सासूबाई रस्त्यातच थांबल्या.

"आता स्थळ मोडलं तर?"

"आणि मी मेले तर?" मी हळूच म्हटलं. ओरडायला दम नव्हता.

त्यांनी पदर डोळ्यांना लावला. लेकीसाठी की माझ्यासाठी, ते मी विचारलं नाही.