क्लेटसचे शेंगदाणे

क्लेटस हॅगर्टीने पिट्सबर्गमध्ये उभा जन्म ट्राम चालवली, पण शहराने लक्षात ठेवलं ते त्याचं चुकलेलं एक वळण. बिअरच्या कारखान्यापाशी रूळ फुटायचे, डावे कबरस्तानाकडे, उजवे बेसबॉलच्या मैदानाकडे. ड्रायव्हरने उतरून लोखंडी पहारीने सांधा बदलायचा आणि मगच पुढे जायचं. त्या दुपारी ट्राम भरून मयताची माणसं होती. शवपेटी गाडीतून पुढे गेली होती. मागच्या बाकावर विधवा मिसेस सोबचाक हुंदके देत होती. ते ऐकून क्लेटसचंच मन भरून आलं आणि उतरायचं राहून गेलं. काळ्या कपड्यांतली सगळी वरात फुलांच्या चक्रांसकट मैदानाच्या दारात जाऊन उभी राहिली.

क्लेटसने ट्राम तिथेच टाकली, विधवेचा हात धरला आणि चढावरून तिला धावत नेलं. पोचले तेव्हा माती लोटून झाली होती. तिच्याबरोबर तोही ढसाढसा रडला.

पण रडण्याचं गाणं कोण करणार? महिन्याभरात गुत्त्यांतून बँजोवर जे गाणं घुमू लागलं, त्यात क्लेटस खुशाल मैदानात शेंगदाणे खात सामना बघत बसतो. वळण चुकलं हे त्याला कबूल होतं. शेंगदाण्यांनी मात्र त्याची झोप उडाली. शेवटी तो बँजोवाल्या डेल पर्डीकडे गेला.

"माझं नाव राहू दे रे बाबा. तेवढे शेंगदाणे काढ."

"काका, मी घातलेच नव्हते! कुणी घातले देव जाणे. बसा, गाळून दाखवतो."

डेलने ओळ खरंच गाळली. अख्खा गुत्ता ओरडला, "शेंगदाणे!" आणि कुणीतरी क्लेटसपुढे पुडी आदळली.

त्याने नाद सोडला. निदान एका बाईला तरी खरं ठाऊक आहे, एवढाच काय तो आधार.

बऱ्याच वर्षांनी ती बाई काठी टेकत त्याच्या ट्राममध्ये चढली. क्लेटसने टोपी काढली. "बाई, त्या दिवशी आपण दोघं..."

"जाऊ दे रे, आता राग नाही." ती त्याच्या हातावर थोपटत हसली. "एकटीच धावले मी तो चढ. पण खरं सांग, शेंगदाणे तरी चांगले होते का?"

क्लेटसने टोपी परत डोक्यावर चढवली. मागे गाड्या खोळंबल्या होत्या.

"जरा खारट होते," तो म्हणाला, आणि त्याने घंटा दिली.